कोठारात मावलेलं वर्ष

३० जून १९७७

लिही, बोग्ना. पहिल्या ओळीत लिही की ही वही रोझालिया वारूश हिची, पोलंडच्या डोंगरांतल्या ग्रापा वाडीची, दुनायेत्स नदीच्या वरच्या अंगाची. अक्षर बोग्नाचं, बाकी सगळं माझं. चुका सापडल्या तर त्या अक्षराच्या समजाव्यात.

मला लिहिता येत नाही. शाळेच्या वयात मी मेंढ्या राखत होते. मेंढ्यांनी शिकवलं नाही, आणि पुढे नवरा मिळाला तोही मेंढ्यांच्याच शाळेतला. आजवर काही अडलं नाही. पण आज संध्याकाळी फादर लेओनने अंगणात सगळ्या पोरांना एकेक वही वाटली. म्हणाला, शिबिरातल्या प्रत्येकाने रोज लिहायचं, काय ऐकलं, काय झालं, मन कुठे अडलं. मी चुलीपासून ओरडले, "माझी वही कुठाय?"

"आजी, तुम्ही तर घरमालकीण."

"म्हणजे घर माझं, कोठार माझं, बटाटे माझे, आणि वही तेवढी तुमची?"

लाजला बिचारा. दिली. हा फादर तिशीचाही नसेल. अर्ध्या चड्डीवर फिरतो. पहिल्यांदा दारात आला तेव्हा मला वाटलं, पोस्टमन वाट चुकला.

लिहायला मला बोग्ना मिळाली, कारण बसमधून उतरताना तिचा पाय मुरगळला. काटोवित्से शहराची आहे, बाप कोळशाच्या खाणीत. मुली माझ्या माडीवर, मुलगे कोठारात गवतावर. तीसेक पोरं, पंधरा ते सतरा वर्षांची, म्हणजे खायच्या वयाची. पंधरा दिवस राहणार. कशासाठी, ते अजून मला नीट कळलेलं नाही, पण मी हो म्हटलंय. गेल्या हिवाळ्यात घर इतकं गप्प होतं की घड्याळाशी भांडायची वेळ आली होती.

माझा युझेक मात्र फुगून बसलाय. पोटचा पोर, चाळिशीचा, बिनलग्नाचा, सरकारी बस चालवतो. याच बसने ही पोरं आली, आणि यानेच त्यांना उतरवलं. कुठे चालली आहेत हे कळल्यावर याचा चेहरा ताकासारखा झाला म्हणे. आत्ता जेवताना म्हणाला, "आई, सरकारला हे असलं चालत नाही. पोरांनी चर्चच्या भिंतीबाहेर प्रार्थना केलेली चालत नाही."

"भिंतीच्या आत चालते?"

"आतही चालत नाही, पण तिथे दिसत नाही. डेपोत कळलं तर माझी गाडी काढून घेतील."

गाडी म्हणजे याची बायको. नवी गाडी हातात यायला सहा हिवाळे थांबला होता. रोज रात्री काच पुसतो, रविवारी तिच्याशी बोलतो. मला सगळं ठाऊक आहे.

१ जुलै

पहिल्याच दिवशी हवालदार श्पाक हजर. सायकल ढकलत चढावर आला, टोपी काढून घाम पुसला, कागद काढला. नवा आहे, सपाटीवरचा. आमच्या चढाची सवय नाही.

"आजी, पाहुणे आलेत म्हणे."

"नातवंडं आहेत."

"तीस?"

"देवाची कृपा."

"तुम्हाला एकच मुलगा, आणि त्याचं लग्न झालेलं नाही."

"म्हणूनच म्हटलं ना, देवाची कृपा."

त्याने पेन्सिल ओली केली. कागदावर एक जागा होती, तिथे मुक्कामाचा उद्देश लिहायचा होता. काय उद्देश, आजी? मी म्हटलं, गवत कापणी. तो कुरणाकडे बघत म्हणाला, "तुमचं कुरण माझ्या रुमालाएवढं आहे."

"मग? लहान कामाला जास्त हात लागतात. डोळ्यात कुसळ गेलं तर किती जण जमतात, पाहिलं नाहीस?"

लिहिलंन, गवत कापणी. आणि झाडाखाली बसलान, कापतात का बघायला! मग काय, मिस्साची प्रार्थना संपवून पोरं बाहेर आली ती थेट विळ्यांवर. शहरातली पोरं. एकाने विळा उलटा धरला. एकाने शेजारच्या लुद्विनाच्या दोन कोबी गवत समजून उडवल्या. दुपारपर्यंत कुरण असं दिसत होतं, जसं न्हाव्याने पिऊन हजामत केली असावी. पण कापलं खरं. श्पाक ताक पिऊन गेला.

रात्री भांडी धुताना मी फादर लेओनला गाठलं. "खोटं मी बोलले, आता खरं तू सांग. उद्देश काय?"

म्हणाला, "जपमाळेत पंधरा प्रसंग आहेत ना, आजी? देवदूत मरियेकडे आला तिथपासून तिला स्वर्गात मुकुट घातला तिथपर्यंत. आम्ही रोज एक प्रसंग जगतो. परवा नाताळ. दहाव्या दिवशी गुड फ्रायडे. अकराव्या दिवशी ईस्टर."

"जुलैत नाताळ?"

"हो. नुसती ऐकलेली गोष्ट विसरते. जगलेली अंगी लागते."

अंगी अन्न लागतं, हे मला माहीत आहे. गोष्ट कशी लागते ते बघायचं. पण परवा नाताळ म्हटल्यावर माझी झोप उडाली. बीट काढायला हवेत, अळंबी भिजवायला हवीत, खसखस कुठेय?

२ जुलै

सकाळी चहानंतर अचानक सगळं चिडीचूप. बाहेर येऊन बघते तर पोरं कुरणभर पांगून बसलेली, एकमेकांपासून लांब लांब, प्रत्येकाच्या मांडीवर पुस्तक, जशा काही कोंबड्या उबवायला बसल्या आहेत. बोग्ना ओट्यावर पाय वर ठेवून बसली होती. मी विचारलं, "काय चाललंय?"

"ऐकतोय, आजी."

"काय?"

"देव काय म्हणतो ते."

"म्हणाला का काही?"

"अजून नाही."

बरं, म्हटलं आपणही बघू. लाकडं फोडायच्या ओंडक्यावर बसले, डोळे मिटले. देव काही बोलला नाही. कुंपणापलीकडून लुद्विनाचा खोकला ऐकू आला. बाईला कोरडा खोकला आहे, छातीतला. मी नऊ वर्षं त्या बाईशी बोललेले नाही. एका लग्नात तिने भर पंगतीत सांगितलं होतं की माझ्या खारवलेल्या चीजला साबणाचा वास येतो. तेव्हापासून मला काही सांगायचं झालं तर मी माझ्या कुत्र्याला सांगते, तिला काही सांगायचं झालं तर ती तिच्या कोंबड्यांना सांगते, आणि दोघींनाही ऐकू जातं. पण खोकला कधी ऐकला नव्हता. की खोकतच असते आणि मी पहिल्यांदाच गप्प बसले होते? असो.

नंतर बोग्नाच्या हाती रासबेरीचं सरबत पाठवलं. बजावलं, माझं नाव सांगायचं नाही, शिबिराकडून म्हणायचं. लंगडत गेली. लंगडत आली. बाटलीच्या जागी लोण्याचं मडकं. "त्या म्हणाल्या, माझं नाव सांगू नकोस, कोंबड्यांकडून म्हण."

पंधरा मिनिटं बसून देव नाही ऐकू आला, पण लोणी मिळालं. गुदमरून हसले.

३ जुलै, नाताळ

बोग्ना, आज सावकाश लिही, एकही शब्द गाळू नको.

सकाळपासून मी पंचविशीत असल्यासारखी धावते आहे. मेजावर चादर, चादरीखाली ताजं गवत. परवा कापलेलं कामाला आलं! बीटचं आंबट सूप, अळंबी भरलेल्या कानाएवढ्या करंज्या, बटाट्याचे मोदकासारखे गोळे, खसखशीच्या शेवया, वाळल्या आलुबुखाराचं पाणी. मांस नाही, कारण नाताळच्या आदल्या संध्याकाळी उपास. तसं दुकानातही महिनाभर मांस नाही. या बाबतीत देवाचं आणि सरकारचं एकमत आहे.

पोरांनी जंगलातून फरच्या झाडाची फांदी आणली, तिला कागदाच्या चांदण्या. पहिला तारा दिसेपर्यंत जेवायचं नाही, आणि जुलैतला तारा म्हणजे आळशी सून, उगवता उगवत नाही. सगळी अंगणात माना वर करून. मीही. शेवटी कोठाराच्या कौलावर एक टिपका दिसला, आणि तीस गळ्यांतून असा आरडाओरडा झाला की लुद्विना खिडकीत आली. मी कुत्र्याला म्हटलं, "सांग तिला, नाताळ आहे. यायचं तर ये." कोंबड्यांनी उत्तर दिलं नाही, पण ती आली, नवा रुमाल बांधून.

मेजावर एक ताट जास्तीचं मांडलेलं, जसं मांडायचंच असतं. न सांगता येणाऱ्या पाहुण्यासाठी. जन्मभर मी ते ताट मांडत आले, आणि जन्मभर ते तसंच उचलून ठेवत आले. आज आम्ही बसलो, फादरने येशूच्या जन्माची गोष्ट वाचली, आणि नाताळची गाणी ऐन रंगात आली तेवढ्यात दार वाजलं. हवालदार श्पाक. हातात कागद. वरून आलेला. बेकायदा जमावाबद्दल काहीतरी.

त्याने मेज बघितलं. गवत, फांदी, जळत्या मेणबत्त्या. जुलै महिना. तोंड उघडं.

मी उठले, ते जास्तीचं ताट त्याच्याकडे सरकवलं. "बस. तुझीच वाट बघत होतो."

"आजी, मी कामावर आहे."

"राखणदार मेंढपाळही कामावरच होते."

लुद्विना म्हणाली, आणि माणसाला म्हणाली, कोंबडीला नाही, "काय रे, तुझ्या आईने तुला हे शिकवलंय? रिकाम्या ताटावरून उठून जायचं?"

बसला. टोपी मांडीवर. मी त्याच्यासमोर ती पांढरी पातळ पवित्र चकती धरली. ती एकमेकांच्या हातून मोडून खायची, आणि मोडताना समोरच्याचं भलं चिंतायचं. सगळ्या पोलंडमध्ये हे न करणारा माणूस जन्मला नसेल. तो म्हणाला, "आजी, मी तुमच्यासाठी काय मागू?" मी म्हटलं, "पंधरा दिवस माग." त्याने मान खाली घातली आणि मोडली. मग लुद्विनाची पाळी. आम्ही दोघी चकती धरून उभ्या. ती म्हणाली, "साबणाचा वास जरा कमी झालाय हल्ली." मी म्हटलं, "खोकलाही."

नऊ वर्षं. बोग्ना, तू का रडतेस? शाई पुसट होईल.

श्पाकने तीनदा सूप घेतलं. कागद घडी करून खिशात. जाताना म्हणाला, "मी आलो तेव्हा घरी कोणी नव्हतं." कसं बावळट बोलणं! तीसजण होतो.

एकटा युझेक आला नाही. खिडकीतून बघत होता, मग बसकडे गेला.

६ जुलै

बटाटे संपले. लुद्विनाचे खातोय. तिच्या बटाट्यांना कसला वास येतो ते मी अजून ठरवलेलं नाही.

८ जुलै

आज हसायचं काही नाही, तरी लिही.

युझेकला डेपोच्या साहेबाने बोलावलं होतं. तुझ्या घरी पोरं आहेत, ती घालव, नाहीतर गाडी सोड, गॅरेजमध्ये टायर उचल. घरी आला तो जेवलाच नाही. "आई, मी तुझ्याकडे आजवर काही मागितलं नाही. बूट मागितले नाहीत, बायको मागितली नाही. ही पोरं घालव."

मी काय बोलणार? पोटचा तो. ही कुणाची कोण? मी उद्या जायची म्हातारी, मागे त्याला या वाडीत, याच रस्त्यावर जगायचंय. गाडी गेली तर त्याचं उरतं काय? हे सगळं मला कळतं. कळतं म्हणून उठले, घागरा खोचला, सांगायला गेले.

फादर लेओन कोठारामागे शेंगा सोलत होता, पोरांबरोबर. मी सगळं सांगितलं. तो म्हणाला, "तुम्ही म्हणाल तर उद्या सकाळी निघतो, आजी. आणि तुमच्यावर कुणी रागावणार नाही."

हेच वाईट केलंन. रागावला असता, आवाज चढवला असता, तर मी कमरेवर हात ठेवून हाकललं असतं, त्यात मी पटाईत. पण न रागावणाऱ्या माणसाला कसं हाकलायचं हे कुठल्या मेंढीने शिकवलं नाही.

परत आले. युझेकला म्हटलं, "विचार करते." तो म्हणाला, "म्हणजे नाही." माझ्या तोंडात जन्मल्यासारखा ओळखतो मला.

बोग्नाला विचारलं, तुझ्या घरी माहीत आहे ना, तू कुठे आहेस ते? म्हणाली, आईला माहीत आहे, बाबांना आई सांगेल, हळूहळू. मग म्हणाली, "आजी, इथे येईपर्यंत मला वाटायचं, देवावर विश्वास ठेवणारी आमच्या शाळेत मी एकटीच आहे. इथे बघते तर आम्ही तीस, एकमेकांना ठाऊकच नव्हतो."

हा उद्देश असेल तर त्यासाठी तीन पोती बटाटे काही फार नाहीत. पण युझेक...

पुरे आजचं.

१० जुलै, गुड फ्रायडे

पोरं सकाळीच लाकडाचा क्रूस खांद्यावर घेऊन डोंगरावर गेली, क्रूसाच्या वाटेची प्रार्थना करायला. घरी मी आणि माझी लंगडी लेखनिक. आणि बरोबर तेव्हाच जीप आली. दोन साहेब, एक आरोग्य खात्याचा, एक कसला ते त्याने सांगितलं नाही. मागे श्पाक, माझ्याकडे न बघणारा.

आरोग्यवाल्याने संडासात डोकं घातलं, लगेच बाहेर काढलं. कोठार बघितलं, माडी बघितली. मग त्यांनी कोठाराच्या दाराला आणि माडीच्या दाराला कागदाची पट्टी चिकटवली, तिच्यावर लाल लाखेची मोहोर. तोडली तर तुरुंग. दुसरा साहेब म्हणाला, "आजीबाई, पोरं आली की त्यांना सरळ स्टेशनवर पाठवा." मी म्हटलं, "पिलातानेही येशूच्या कबरीला मोहोर लावली होती. तीसुद्धा शुक्रवारची गोष्ट." त्याला काही कळलं नाही. शाळा शिकलेला माणूस!

साहेब जीपमध्ये जाऊन बसले. हुकूम मला वाचून दाखवायचं काम श्पाककडे, कारण मला वाचता येत नाही. वाचलंन. मोठ्याने. 'सदर कोठार व माडी येथे वस्तीस मनाई.' मग पुढचं काहीतरी, आणि मग, 'खाजगी घरात मुक्कामास असलेल्या दोन पाहुण्यांपर्यंत नोंदणीची आवश्यकता नाही.' हे वाक्य वाचून तो थांबला. माझ्याकडे बघितलं. आणि तेच वाक्य पुन्हा वाचलंन, आणखी सावकाश, जसं काही मी बहिरी आहे. "दोन पाहुण्यांपर्यंत, आजी. एका घरात. समजलं?"

"समजलं रे बाबा, ओळ चुकलास तर चुकलास. शाळेत शेवटच्या बाकावर बसत असणार तू."

"हो आजी," म्हणाला, आणि गेला.

बोग्ना म्हणाली, "आजी, त्याने ते वाक्य दोनदा का वाचलं?" मी म्हटलं, मठ्ठ आहे, दुसरं काय. आणि मग माझ्या डोक्यात अचानक एक युक्ती आली. कशी आली देव जाणे. वाडीत घरं किती? हे इथलं, ते लुद्विनाचं, वरच्या अंगाला, ओढ्यापलीकडे... एकेका घरात दोघं दोघं! बोग्नाला सांगितलं तर ती हसायलाच लागली. का हसतेस म्हटलं तर सांगत नाही. युक्ती माझी चांगली नाही का?

लुद्विनाला हाक मारली. कुत्र्यामार्फत नाही. आम्ही दोघी दारोदार फिरलो. एकजण म्हणाला, "पंधरा वर्षांची पोरं काय करणार माझ्या घरात?" लुद्विना म्हणाली, "खातील आणि तुला आवाज देतील. दोन्हीची गरज आहे." संध्याकाळी पोरं खाली उतरली, दमलेली, धुळीने माखलेली, मोहोर बघून थबकली. एक मुलगी रडायला लागली. मी म्हटलं, "रडू नका, अजून शुक्रवारच आहे," आणि दोघादोघांना हात धरून दारादारांत पोचवलं.

बोग्नाला आणि आणखी एका मुलीला लुद्विनाकडे दिलं, कुंपणापलीकडेच, म्हणजे वही लांब जायला नको. शेवटी दोन मुलगे उरले आणि घर एकच उरलं, माझं. खोली एकच, युझेकची. मी दारावर टकटक केलं. तो आडवा पडला होता. मुलग्यांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मोठा श्वास सोडला आणि पलंगावरची गादी ओढून जमिनीवर टाकली. मग भिंतीपलीकडून मी ऐकलं, एक मुलगा विचारत होता, "काका, त्या चढावर गियर कितव्यात टाकता?" आणि युझेक सांगत होता. बराच वेळ सांगत होता.

११ जुलै, ईस्टर

उठला! ख्रिस्त उठला, बोग्ना, आणि मी सगळ्यांच्या आधी!

पहाट फुटताना कुणाच्यातरी दारात मेंढीची घंटा वाजली. मग दुसऱ्या दारात. मग ओढ्यापलीकडे. एका चर्चची घंटा सरकारला ऐकू जाते, पण तीस मेंढ्यांच्या घंटा कोण मोजणार? प्रत्येक घरातून दोन पोरं, आणि पोरांमागे घरची माणसं, म्हातारी, बाळंतीण, सगळी. वाडीभर मिरवणूक. कोठारात बंद होतं ते शिबिर काल लाख लावून बाहेर सांडलं, आणि आज ग्रापा वाडीत शिबिर नाही असं एक घर नाही. त्या साहेबांना मिठी मारावीशी वाटते मला. (आजींनी इथे आणखी एक वाक्य सांगितलं होतं, ते मी लिहिलेलं नाही. बोग्ना.)

कांद्याच्या सालीत रंगवलेली अंडी लुद्विनाची. तिने माझं चीज मागून खाल्लं. वास घेतला. गिळलं. काही म्हणाली नाही. पुनरुत्थानानंतरचा दुसरा चमत्कार.

मिरवणूक घरासमोरून गेली तेव्हा युझेक खिडकीत उभा होता. खिडकी उघडी होती.

१२ जुलै

उद्या पवित्र आत्मा उतरल्याचा दिवस. या खोऱ्यातली सगळी शिबिरं उद्या खालच्या गावात, मोठ्या चर्चच्या अंगणात एकत्र यायची. युझेक जेवताना ताटाकडे बघत म्हणाला, "उद्या गाडी ग्रापाला थांबणार नाही. नदीकाठच्या कुठल्याच स्टॉपवर थांबायची नाही. रिकामी न्यायची आणि रिकामी आणायची. वरून सांगितलंय."

"मग पोरं चालतील."

"केवढं लांब आहे, आई."

"मीही चालेन. परत येताना फादर मला पाठीवर घेईल, तरुण आहे."

"मला हसू येत नाही."

"मलाही येत नाहीये, युझेक. तू जेव."

१३ जुलै

लिही पटपट, बोग्ना, नाहीतर विसरेन. नाही, विसरणार नाही, तरी लिही.

पहाटेच निघालो. पोरं, फादर लेओन, लुद्विना, मी, आणि बोग्ना काठी टेकत. उन्हं आली, धूळ उठली, माझे गुडघे मला नावं ठेवायला लागले. पोरं गात होती, मी त्यांच्या गाण्याच्या ठेक्यावर शिव्या देत होते. वळणावर मागून बसचा आवाज आला. आवाज मी ओळखते. सगळे कडेला झाडीत सरकलो, धूळ खायला तयार होऊन. मी म्हटलं, बघू नका त्याच्याकडे, त्याला त्रास होईल.

बस आली आणि रस्त्याच्या मधोमध थांबली. स्टॉप नाही, खूण नाही, काही नाही. दार उघडलं. युझेक आत, हात चाकावर, समोर बघत. म्हणाला, "चढा. आत सरका, मागे जागा आहे. म्हाताऱ्या आधी."

कुणी हलेना.

"ऐकू येत नाही का? वेळेवर धावणारी गाडी आहे ही."

मग चढली पोरं, अशी की मेंढ्याही लाजाव्यात! मी शेवटी. पायरीवर थांबले, त्याने माझ्याकडे पाहिलं. "आई, तिकीट?"

"तुला जन्म दिला तेव्हाच काढलंय. दोन दिवस लागले होते."

अख्खी बस हसली. युझेकही. आणि पुढच्या वळणावर दुसऱ्या शिबिराची पोरं चालत होती, तिथेही थांबला. त्याच्या पुढेही. शेवटी एकमेकांच्या मांडीवर बसलो, लुद्विना माझ्या मांडीवर, आणि ती हलकी बाई नाही. मग कुणीतरी गाणं सुरू केलं, आणि चाकाजवळून एक जाडाभरडा आवाज त्यात मिसळला. लष्करातून परत आल्यापासून हा गायला नव्हता. मला वाटलं होतं, आवाज गेला असेल. गेला नव्हता.

एक गोष्ट लक्षात आली म्हणून सांगते. त्याच्या डोक्यावर कंपनीची टोपी नव्हती. घरून निघताना खिळ्यालाच राहिली होती, मी पाहिली होती. म्हटलं, "टोपी विसरलास, तपासनीस धरेल." म्हणाला, "विसरलो नाही." उन्हात डोकं तापतं, एवढं कळायला हवं चाळिशीत.

चर्चच्या अंगणात केवढी पोरं! या डोंगरांत इतकी पोरं लपलेली होती, आणि प्रत्येक वाडीला वाटत होतं, आपणच तेवढे. एकेका शिबिराचं नाव पुकारलं की त्यांनी ओरडायचं. ग्रापा म्हटलं तेव्हा सर्वांत मोठ्याने मी ओरडले. लुद्विना म्हणते ती ओरडली. मग मी माझ्या शेजारी बघितलं तर युझेक. गाडी चौकात सोडून आलेला, किल्ल्या हातात. तिथे एक साहेब आला, डेपोचा असावा, याने किल्ल्या त्याच्या हातात ठेवल्या आणि परत येऊन माझ्याशेजारी उभा राहिला. मी विचारलं, "परत जायची गाडी किती वाजता?"

म्हणाला, "गाडी न्यायला दुसरा माणूस येईल, आई. आपण चालत जाऊ."

पोरांना शेतकऱ्यांच्या घोडागाड्या मिळाल्या, लुद्विनाही त्यांच्यात घुसली. आम्ही दोघं नदीकाठाने चालत आलो. माझ्या चालीने, म्हणजे संध्याकाळ झाली. मध्ये बसलो, पाण्यात पाय सोडले, भाकरी मोडून खाल्ली. त्याने मला त्या दोन मुलग्यांच्या गोष्टी सांगितल्या, मग एका मुलीची सांगितली, जिला त्याने एकदा लग्नाचं विचारायचं ठरवलं होतं आणि विचारलं नव्हतं. वीस वर्षांत याने मला एवढं सांगितलं नव्हतं. वाटेत गात होता.

किल्ल्यांचं काय ते मी विचारलं नाही. विचारीन. मला लिहिता येत नसलं तरी मूर्ख नाही मी. पण आज सण आहे, आणि माझ्या मुलाला भूक लागली आहे. बोग्ना, वही मीट आणि मेजावर ताटं मांड. तो अंगणात पाय धुतोय.